ओला कचरा जिरवायचा असेल, तर आधी पालापाचोळा साठवा

जुलै उजाडला की पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांमध्ये एकच तक्रार सुरू होते. खताच्या टाकीला वास मारतोय, अळ्या झाल्यात, बंद करा ते. मग समितीच्या बैठकीत दोन सूचना येतात. एक म्हणजे कचरा पुन्हा महापालिकेच्या गाडीत टाकू, आणि दुसरी म्हणजे चोवीस तासांत खत करून देणारं मशीन घेऊ. या टाकीत रोज सुकी पानं किती पडतात, हे मात्र कुणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी ती पडतच नाहीत, आणि दुखणं नेमकं तिथे आहे.

शहरांनी ओल्या कचऱ्याचं काम अर्धंच अंगावर घेतलं आहे. मोठ्या सोसायट्यांना आपला ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं, पण ज्याच्याशिवाय तो जिरत नाही तो पालापाचोळा एक तर रस्त्याकडेला पेटवला जातो, नाही तर ट्रकमध्ये भरून डेपोवर जातो. महापालिकांच्या उद्यान विभागांनी हा पाला कचरा म्हणून उचलणं थांबवावं, तो वाळवून, बारीक करून प्रभागात साठवावा आणि पावसाळ्यात सोसायट्यांना पुरवावा, अशी माझी मागणी आहे. हे झालं नाही, तर सोसायट्यांवर कितीही दंड लावा, खताच्या टाक्या दर जुलैला बंद पडतच राहतील.

यामागचं शास्त्र अवघड नाही. कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) दोन्ही लागतात, साधारण 25 ते 30 भाग कर्बाला एक भाग नत्र या प्रमाणात. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात हे प्रमाण 15 ते 20 च्या आसपास असतं, म्हणजे नत्र जास्त आणि कर्ब कमी. शिवाय त्याच्या वजनात 70 ते 80 टक्के निव्वळ पाणी असतं. भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, उरलेला भात असं सगळं एकावर एक टाकलं, की ते स्वतःच्या वजनानं दबतं, त्यातलं पाणी सुटतं आणि मधल्या फटी बंद होतात. हवा संपली की हवेवर जगणारे जिवाणू मागे पडतात आणि हवेविना जगणारे ताबा घेतात. वास त्यांचा असतो. सुकी पानं यात एकाच वेळी तीन कामं करतात. कर्ब पुरवतात, जादा पाणी शोषतात आणि ढिगात हवेसाठी जागा धरून ठेवतात. यातलं एकही काम विकतच्या विरजणानं, म्हणजे बायोकल्चरच्या पुडीनं होत नाही. विरजण फक्त जिवाणू आणतं. त्यांना पोटभर खायला आणि श्वास घ्यायला द्यावं लागतं, ते पानांमधून.

आकड्यांत बघू. शंभर सदनिकांच्या सोसायटीत रोज साधारण 60 किलो ओला कचरा निघतो. त्यात 15 ते 20 किलो चांगली वाळलेली, चुरडलेली पानं मिसळली, म्हणजे तीन-चार किलो कचऱ्याला एक किलो पानं, तर कर्ब-नत्राचं गणित 27 ते 29 पर्यंत येतं आणि ओलावा साठ टक्क्यांच्या थोडा वर राहतो. पुढच्या दोन-चार दिवसांत ढीग तापला की तोही खाली येतो. तराजू नसेल तर घमेलं मोजा. एक घमेलं कचरा, एक घमेलं पानांचा चुरा. अशा मिश्रणानं एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच टाकी आठवड्याभरात भरते, आणि त्या टाकीतलं खत तयार व्हायला पाच ते सहा आठवडे लागतात. म्हणजे अशा सात टाक्या पुरेत. पहिली रिकामी होते तेव्हा सातवी भरलेली असते. टाकीच्या तिन्ही बाजूंच्या विटा एकाआड एक फट ठेवून रचायच्या, पुढची बाजू काढता येणाऱ्या फळ्यांची ठेवायची, तळाला उतार देऊन पाणी निघायला वाट करायची. फटींवर बारीक तारेची जाळी लावली तर उंदीर-घुशी आत शिरत नाहीत. वर पत्र्याचं छप्पर हवंच, आणि ते टाकीच्या कडेपासून किमान दीड-दोन फूट पुढे आलेलं हवं. पावसाची तिरपी झड हा टाकीचा मोठा शत्रू आहे.

टाकी नीट चालली आहे का, हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. मधोमध एक लोखंडी सळई खुपसून पाच मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून हातात धरा. भरल्यानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती धरवत नसेल, तर आत 55 ते 65 अंश तापमान आहे असं समजायला हरकत नाही. ही उष्णता जिवाणूंचीच, आणि तीच माशांची अंडी, रोगजंतू आणि तणांचं बी मारते. मूठभर मिश्रण घट्ट पिळून पाहा. बोटांमधून एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागली तर पानं कमी पडली, आणि मूठ उघडताच सगळं भुगा होऊन सांडलं तर पाणी कमी पडलं. वासही नेमकं सांगतो. नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास म्हणजे नत्र जास्त झालं, पानं वाढवा. कुजलेल्या अंड्यासारखा वास म्हणजे आत हवा नाही, ढीग फोडून पलटा आणि पलटताना सुका चुरा मिसळा. आंबट वास बहुधा भात, पोळ्या आणि फळं एकाच जागी गोळा होऊन पडल्यानं येतो. आठवड्यातून एकदा पलटणं पुरतं. त्याहून जास्त पलटलं तर उष्णता उडून जाते.

अळ्या दिसल्या की सगळे घाबरतात. पावसाळ्यात दिसणाऱ्या जाड, करड्या-पांढऱ्या अळ्या बहुतेक वेळा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या रोग पसरवत नाहीत, उलट कचरा झपाट्यानं खातात. पण त्या भिंतीवर चढून बाहेर येऊ लागल्या, तर टाकीत ओल फार झाली आहे असं समजावं. औषध मारायचं नाही. पानांचा सुका चुरा चार बोटं जाडीचा वरून पसरला की दोन दिवसांत फरक पडतो. पण जुलैमध्ये सुका चुरा आणायचा कुठून? या प्रश्नापाशी सगळे अडतात.

कारण झाडं पानं गाळतात ती आपल्या वेळेला. पर्जन्यवृक्ष, पेल्टोफोरम, देशी बदाम, पिंपळ यांची मोठी पानगळ जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत होते. तेव्हा रस्ते पानांनी भरून जातात, झाडणाऱ्यांची कंबर मोडते आणि ढिगाला काडी लावली जाते. जून ते सप्टेंबरमध्ये, जेव्हा हवेतच ओल असते, कचरा नेहमीपेक्षा ओला असतो आणि सुक्या पानांची गरज सर्वांत जास्त, तेव्हा मिळतो तो भिजलेला, अर्धवट कुजलेला पाला. कर्ब त्यातही असतो, पण पाणी शोषायची ताकद नसते. म्हणजे कमतरता पानांची नाही, चार महिने पानं राखून ठेवायच्या सोयीची आहे.

शेतीतल्या माणसाला हे नवीन नाही. 1924 ते 1931 या काळात ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूरला खताची जी पद्धत बसवली, तिच्यातही शेतातला सुका काडीकचरा वर्षभर गोळा करून रचून ठेवणं हे मोठं काम होतं. कपाशीची पऱ्हाटी आणि तुराट्या कडक असतात, म्हणून त्या शेतावरच्या रस्त्यांवर पसरून गाड्यांच्या चाकांखाली मोडून घेत. आज शहरात तेच काम पालापाचोळ्याचं श्रेडर मशीन करतं. चुरा केल्यावर पानांना लागणारी जागा सुमारे चौथाईवर येते. बदाम, फणस, आंबा, वड यांची चामट पानं अख्खी टाकली तर एकावर एक चिकटून त्यांचे थर बसतात आणि उलट हवाच अडते, म्हणून ती चुरडायलाच हवीत. गुलमोहर, पेल्टोफोरम, पर्जन्यवृक्ष यांची बारीक पर्णिकं मात्र तशीच चालतात.

चार महिन्यांची बेगमी किती लागेल? शंभर सदनिकांना रोज 15 ते 20 किलो धरलं तर 120 दिवसांना 1,800 ते 2,400 किलो चुरा. पोत्यांत दाबून भरला तर तो 15 ते 20 घनमीटर होतो. म्हणजे एका गाडीच्या पार्किंगएवढी जागा, छताखाली, पुरुषभर उंचीपर्यंत. ज्या सोसायट्यांत पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडणं चालतात, तिथे ही जागा मागणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणूनच हे ओझं एकट्या सोसायटीवर टाकणं मला चुकीचं वाटतं. दोन टन वाळलेला पाला मीटरच्या खोलीशेजारी किंवा जिन्याखाली ठेवणं आगीच्या दृष्टीनंही धोक्याचं आहे. तो विजेच्या पॅनेलपासून, लिफ्टच्या खोलीपासून आणि गाड्यांपासून लांबच हवा. महापालिकेकडे उद्यानं आहेत, नर्सरी आहेत, आरक्षित पडीक जागा आहेत. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या हद्दीत एक छप्पर, एक श्रेडर आणि चार माणसं एवढीच ही मागणी आहे.

आता नियमांकडे येतो. 2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम आले तेव्हा त्यात दिवसाला शंभर किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्यांची वेगळी व्याख्या झाली, आणि पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं गेलं. मुंबई महापालिकेनं 2017 च्या 2 ऑक्टोबरपासून मोठ्या सोसायट्यांवर हीच सक्ती आणली. त्याच 2016 च्या नियमांनी बागेचा कचरा वेगळा ठेवायला सांगितला आणि उद्यानांतला पाला शक्यतो उद्यानांतच जिरवायला सांगितलं. हेतू चांगला होता. परिणाम असा झाला, की दोन प्रवाह कागदावरच वेगळे झाले आणि जमिनीवर कधी भेटलेच नाहीत. ओला कचरा घनकचरा विभागाचा, पाला उद्यान विभागाचा. एकाकडे नत्र साचून सडतं, दुसऱ्याकडे कर्ब पडून जळतो. नुसत्या पानांचा ढीग उद्यानात कुजायला वर्ष घेतो, कारण त्याला नत्र मिळत नाही. दोन्ही विभाग एकमेकांचा तुटवडा भरून काढू शकतात, आणि त्यासाठी नवा कायदा नको. आयुक्तांचं एक परिपत्रक पुरेल.

पुण्यात 'ब्राउन लीफ' या नागरिकांच्या उपक्रमानं हीच गाठ स्वतःच्या बळावर मारून दाखवली. ज्यांच्याकडे पानं आहेत आणि ज्यांना पानं हवी आहेत, अशांची ओळख करून दिली, आणि पोती एका अंगणातून दुसऱ्या गच्चीवर जाऊ लागली. पानं मागणारे लोक आहेत, हे त्यातून सिद्ध झालं. पण अख्ख्या शहराचा पाला स्वयंसेवकांच्या स्कूटरवरून हलणार नाही. केरळातल्या अलप्पुळा शहराचं उदाहरण याहून बोलकं आहे. तिथे 2012 साली सर्वोदयपुरमच्या लोकांनी शहराचा कचरा घेणं बंद पाडलं, तेव्हा नगरपालिकेला दुसरा डेपो शोधून सुटका करून घेता आली नाही. वस्त्यांमध्ये सामुदायिक खत-टाक्या उभ्या राहिल्या. ओल्या कचऱ्याचा थर, त्यावर विरजण आणि सुक्या पानांचा थर, अशा पद्धतीनं त्या चालवल्या गेल्या. टाक्या बांधल्या म्हणजे नगरपालिकेचं काम संपलं, असं तिथे कुणी धरलं नाही.

मग मशीनचं काय? विजेवर चालणारी जी यंत्रं चोवीस तासांत खत देतात असं सांगून विकली जातात, त्यांतली बरीचशी कचरा तापवून, घुसळून वाळवतात. पाणी उडालं की 60 किलोचे 12-15 किलो उरतात, भुरकट पावडर मिळते, वास नसतो. कमिटीला वाटतं, काम झालं. पण ते खत नव्हे, वाळवलेला कचरा आहे. कुंडीत घालून पाणी दिलं की तो पुन्हा ओला होतो, बुरशी धरतो, तापतो, आणि कुजताना मुळांजवळची हवा ओढून घेतो. झाडं पिवळी पडतात आणि लोक म्हणतात, कचऱ्याचं खत झाडांना सोसत नाही. खत पिकायला वेळ लागतोच, तो वीज देऊन विकत घेता येत नाही. ज्या सोसायटीनं मशीन घेतलंच आहे, तिनं त्यातून निघालेली पावडर पाणी शिंपडून, पानांचा चुरा मिसळून आणखी चार-पाच आठवडे टाकीत पिकवावी. म्हणजे टाकी आणि पानं शेवटी लागणारच.

खरं खत ओळखायच्या दोन परीक्षा घरात होतात. मूठभर खत ओलसर करून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला तर ते पिकलेलं आहे, आंबूस किंवा कुजका आला तर कच्चं. दुसरी परीक्षा आळिवाची. एका थाळीत निम्मं खत, निम्मी माती, दुसरीत नुसती माती, आणि दोन्हीत मोजून आळीव पेरा. पाच-सहा दिवसांत दोन्हीकडे सारखं उगवलं तर खत निर्धोक आहे. खताच्या थाळीत मोड जळाले तर ते अजून कच्चं आहे, किंवा त्यात मीठ जास्त आहे. आमट्या, लोणची, पापडांचे तुकडे भरपूर पडत असतील तर मिठाचा त्रास होतो. खरकटं पाणी निथळून टाकणं हा त्यावर साधा उपाय आहे.

महापालिकेच्या निरीक्षकांनी हेच तपासावं, असं माझं म्हणणं आहे. आज तपासणी म्हणजे प्रकल्प आहे का, मशीन आहे का, फोटो आहे का. पुण्यात गांडूळ खत, सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना मिळकतकरात 5 ते 10 टक्के सवलतीची तरतूद आहे. सवलत हवीच. पण ती बांधकामाला न देता चालू असलेल्या टाकीला द्यावी. निरीक्षकानं सळई खुपसावी, पिशवीची परीक्षा घ्यावी, आणि मे महिन्यात येऊन पानांचा साठा किती आहे ते पाहावं. मेमध्ये ज्याच्याकडे पोती नाहीत, त्याची टाकी जुलैत बंद पडणार, हे दोन महिने आधी सांगता येतं. आणि ज्या प्रभागात महापालिकेनंच पानं पुरवली नाहीत, तिथल्या सोसायटीला दंड लावू नये.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. आम्ही कर भरतो, मग कचरा महापालिकेनं न्यावा, आम्ही का राबायचं? कर भरणाऱ्यानं सेवा मागणं गैर नाही. पण त्याच करातून आज चालतं काय, तर तीन-चतुर्थांश पाणी असलेला कचरा डिझेल जाळून कित्येक किलोमीटर नेला जातो, आणि तो दुसऱ्या कुणाच्या तरी गावात टाकला जातो. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी विहिरी नासलेल्या पाहिल्या आहेत. 1927 पासून चालत आलेल्या देवनारच्या डेपोला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीचा धूर मुंबईभर पसरला होता. त्या ढिगाखाली हवेविना कुजणाऱ्या अन्नातून मिथेन निघतो, आणि तोच आग धुमसत ठेवतो. करदात्यानं मागावं ते हे, की माझ्या पैशातून पाणी वाहून नेण्याऐवजी पानं आणून द्या.

दुसरा आक्षेप श्रमांचा आहे. टाकी पलटणार कोण? बहुतेक ठिकाणी हे काम हाउसकीपिंगच्या माणसांवर, जास्त करून बायांवर, जादा पगाराशिवाय ढकललं जातं. त्यात घरांनी सॅनिटरी पॅड, काचा, ब्लेड ओल्या कचऱ्यातच टाकलेली असली, तर त्यांना ते हातानं निवडावं लागतं. ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पुण्यात स्वच्छ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सभासद घरोघरचा कचरा गोळा करतात. हे काम कौशल्याचं आहे आणि त्याचा मोबदला वेगळा धरायला हवा, ही त्यांची भूमिका खत करण्याच्या कामालाही तितकीच लागू आहे. महिन्याच्या देखभाल खर्चात या कामाचा स्वतंत्र पगार, हातमोजे, गमबूट आणि लांब दांड्याचा काटा एवढं तरी असल्याशिवाय टाकी सुरूच करू नये.

आणखी एक इशारा मलाच द्यावासा वाटतो. पानं मौल्यवान ठरली की ती झाडांखालून खरवडून नेण्याचा मोह होईल. तसं होता कामा नये. झाडाच्या बुंध्याभोवती पडलेली पानं तिथेच राहू द्यावीत, ती त्या झाडाची मुळं थंड ठेवतात आणि मातीला खायला घालतात. उचलायची ती डांबरावर, फुटपाथवर, पार्किंगच्या फरशीवर पडलेली. रस्त्यावरच्या पानांत गुटख्याच्या पुड्या, वाळू आणि काचा असतात, म्हणून चुरडण्याआधी मोठ्या छिद्रांच्या चाळणीतून ती झाडून घ्यावी लागतात.

पानं कमी पडलीच तर पर्याय आहेत. उन्हाळ्यात रसवंतीवरची उसाची चिपाडं वाळवून तोडली तर उत्तम चालतात. सुतारकामाचा भुसा चालतो, पण प्लायवूड किंवा एमडीएफचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. कोकणात भाताचा तूस मिळतो, तो हवा खेळती ठेवतो, पण कुजतो फार सावकाश. कोकोपीट पाणी झकास शोषतं, मात्र ते विकत आणावं लागतं, आणि फुटपाथवर फुकट पडलेल्या पानांच्या शेजारी ते विकत आणणं मला पटत नाही.

तयार खताचं काय करायचं, हा प्रश्न लवकरच उभा राहतो. शंभर सदनिकांतून पानं धरून आठवड्याला शंभर-सव्वाशे किलो खत निघतं, वर्षाला पाच-सहा टन. सोसायटीची बाग एवढं खाऊ शकत नाही, आणि कुंडीत तिसऱ्या हिश्श्याहून जास्त खत घालूही नये. उद्यान विभाग मात्र दरवर्षी आपल्या बागांसाठी आणि रोपवाटिकांसाठी खत विकत घेतो. पानांच्या बदल्यात खत असा सरळ व्यवहार करता येईल. चुऱ्याची पोती घेऊन गेलेली गाडी येताना खताची पोती आणेल, आणि परीक्षेत नापास झालेलं खत परत जाईल. त्यामुळे खताचा दर्जा राखायची जबाबदारीही सोसायटीवर आपोआप येते.

हे सगळं पुढच्या पावसाळ्यात हवं असेल, तर निर्णय डिसेंबरमध्ये व्हावा लागेल. जागा आणि श्रेडर जानेवारीअखेर तयार हवेत, झाडणाऱ्या प्रत्येक गटाला पानांसाठी वेगळी पोती मिळायला हवीत, आणि पाला पेटवला तर मुकादमाला जाब विचारला जाईल हे त्याला आधी माहीत असायला हवं. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत पेल्टोफोरमखालचे रस्ते भरलेले असतात, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात निविदा काढून काहीही मिळत नाही.